बरं, येते

९ मार्च

प्रिय मामा,

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं, आणि उरलेल्या निम्म्याला तू "हो हो, सगळं ठीक" म्हणून मोकळा होतोस. म्हणून पुन्हा कागदावर आले. मशीनघरात उभं राहून राहून कान गेले तुझे, पण डोळे शाबूत आहेत. तेव्हा हे नीट वाच.

आधी कामाचं सांगते. आमच्या विभागाने मला नवा अभ्यास दिलाय आणि तो फिरून फिरून तुझ्याच दारात येऊन बसलाय. पर्यटन आणि हवामानबदल. म्हणजे असं, की अमुक ठिकाणची हिमनदी वितळतेय ही बातमी पसरली, की संपायच्या आत एकदा बघून घेऊ म्हणत लोक धावत सुटतात. आम्ही अशा काही ठिकाणी पाहुण्यांना गाठून विचारलं. कुठून आलात, कशाने आलात, का आलात? उत्तरं एकापुढे एक मांडली तेव्हा मलाच कसंतरी झालं. बर्फाची ज्याला सगळ्यात जास्त हळहळ, तोच सगळ्यात लांबून येतो, आणि येतो तो विमानाने. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्यालाच आपल्या धुराने आणखी जरासं वितळवून, फोटो काढून घरी जातो. वाईट माणसं नाहीत रे ती. म्हणून तर लिहिताना पेन अडतं.

तू जन्मभर माणसांना त्या हिमनदीवर नेऊन सोडतोयस. तुझ्या पाळण्यात, म्हणजे शहाण्या भाषेत रोपवेच्या डब्यात, लोक हल्ली काय बोलतात ते मला लिहून पाठव. आणि एक शब्द हवाय. अशा प्रवासाला मराठीत काय म्हणावं? माझ्या मनात "अंत्यदर्शन पर्यटन" आलंय. कसं वाटतं?

वरच्या खोलीची खिडकी अजून अडकते का? परवा इथली खिडकी उघडताना माझा हात आपोआप खालून दणका द्यायला गेला. ती शहाण्यासारखी उघडली आणि मला एकदम रडूच आलं. आईबाबांच्या बदल्या होत राहिल्या आणि मी त्या खिडकीपाशी वाढले, दुसरं काय. मामीला यातलं काही सांगू नकोस.

बरं, येते.

तुझी भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, सोबत एक टपली. अंत्यदर्शन? अगं, ते माणूस गेल्यावर घेतात. आमची हिमनदी अजून आहे. आजारी आहे, अंग आखडून घेतलंय तिने, पण आहे. हॉस्पिटलच्या बाहेर नातेवाईक डॉक्टरला गाठतात तसे लोक मला गाठतात आणि हळू आवाजात विचारतात, "मामा, अजून किती वर्षं काढेल?" सगळं गाव मला मामा म्हणतं, त्यावर माझा इलाज नाही. मला एक भाची पुरेशी होती.

पाळण्यात काय बोलतात म्हणतेस. बरंचसं मोबाइलशीच बोलतात. पण एक गोष्ट माझ्या कानावर आलीय, म्हणजे उजव्या कानावर, डावा आता नुसता शोभेला आहे. पूर्वी पाळण्यातून उतरताना माणसं म्हणायची, "येतो मामा." आणि त्यातली काही यायचीसुद्धा. पुढे बायकोला घेऊन, मग पोरांना घेऊन. गेले दोन-तीन हंगाम कोणी "येतो" म्हणत नाही. "चला, जातो." "बघून झालं." बस्स. तुझ्या तक्त्यात बसत असेल तर बसव.

आता तुझ्या पत्राने घरात काय केलं ते ऐक. पत्र मामीने मोठ्याने वाचलं. तिला सांगू नकोस असं लिहिताना पाकीट कोण फोडतं ते तरी आठवायचं होतंस. खिडकीचा भाग तिने पुन्हा एकदा वाचला आणि मग शेवटपर्यंत नेलं. शेवटी आलं, "बरं, येते." मामी उठली आणि जिना चढून गेली. मी चहा संपवून वर गेलो, तर गादी उन्हात आणि रजई कठड्यावर. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "भिंगरी येते म्हणतेय."

मी समजावलं. अगं, ती निरोपाची पद्धत. निघताना "जाते" म्हणू नये म्हणून "येते" म्हणतात. मामी म्हणाली, "ते इथून निघणाऱ्याने म्हणायचं. ती इथे आहे कुठे निघायला?" यावर उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

विमानाने फिरणं सोडलंस त्याचा मला अभिमान आहे. सोडल्यापासून आली नाहीस, तरी आहे. फक्त एक शंका. तुझी पत्रं कशाने येतात गं? समुद्रापलीकडून आठवड्याभरात? खांद्यावर पोतं टाकून कोणी चालत आणत नसावं.

हंगाम सुरू होतोय. इकडे सगळं ठीक.

तुझा मामा


२० एप्रिल

प्रिय मामा,

पकडलंस. पत्रं विमानानेच येतात. पण पत्राच्या वजनात आणि माझ्या वजनात फरक आहे. मामीने लहानपणी मला काय काय खाऊ घातलंय ते तिला विचार.

तुझं "येतो" आणि "जातो" मी वर्गात वाचून दाखवलं. एक मुलगा म्हणाला, लोकांना हल्ली रीतभात राहिलेली नाही, एवढाच याचा अर्थ. त्यावरून अशी जुंपली की तास संपल्याचं कोणाला कळलं नाही. निबंधात ते घालता येणार नाही, कारण एका मामाचा एक कान म्हणजे पुरावा होत नाही. तुझ्याशी भांडायला नको म्हणून सांगून ठेवते. पण ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता मामीचं. मामा, मी येत नाही म्हणजे मला यायचं नाही असं नव्हे, हे तिला कसं सांगू? "विमान तर उडणारच आहे, माझ्या एका जागेने काय फरक पडतो?" आमच्या पाहुण्यांनी सगळ्यात जास्त वेळा दिलेलं उत्तर हे आहे. प्रत्येकाला ते स्वतःचं, नवीन वाटतं. तेच मी उद्या म्हणाले, तर माझा अभ्यास लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? दुसरा रस्ता आहे. आगगाडी, जहाज, पुन्हा आगगाडी, मग आपली घाटातली बस. भिंतीवर नकाशा लावून त्यावर लाल दोरा ताणून ठेवलाय मी. पण सगळी सुट्टी त्या दोऱ्यावरच संपते. तुमच्या उंबऱ्यावर एक कप चहा प्यायचा आणि पाठ फिरवायची, एवढाच वेळ उरतो. दर वर्षी मी हिशेब मांडते आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलते.

मला तुमची फार आठवण येते. हे फोनवर ओरडून सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मामीने रजई उन्हात घातली हे वाचून मला अगदी चोरट्यासारखं झालंय. तो शब्द आता लिहीत नाही, म्हणजे पुन्हा घोटाळा नको.

थांबते.

भिंगरी


२ जून

भिंगरी,

शब्द बदललास आणि घोटाळा वाढवून ठेवलास.

मामीने पत्र वाचलं. दोऱ्याचं वाचताना दोनदा मान हलवली, मला वाटलं, समजलं तिला. मग आलं, "थांबते." तिने पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि म्हणाली, "थांबते म्हणे. तिथेच." मी म्हटलं, बाई, पत्र थांबवते असा त्याचा अर्थ. त्यावर, "मला मराठी शिकवू नका." त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

मग रजई ट्रंकेत गेली आणि वरची खोली पाहुण्यांना दिली गेली. यंदा गर्दी जरा जास्तच आहे, का कोण जाणे. गावात खोल्या मिळेनात, लोक दारं ठोठावत फिरतात. आमच्याकडे एक निवृत्त जोडपं उतरलंय. दोघंही शिक्षक. माणसं चांगली. विमानाने आलीत, पण ताटं स्वतः धुतात. त्यांच्यावर रागवायचं कसं ते मला जमत नाही, तुमच्या विभागात काही युक्ती असेल तर कळव.

पहिल्या दिवशी गुरुजींना खिडकी उघडेना. मामी वर गेली, खालून दणका कसा द्यायचा ते दाखवून आली आणि मोरीपाशी पाठमोरी उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "त्यांना पहिल्याच दणक्यात जमलं." आणि पदराने डोळे पुसले.

तू पुढच्या वर्षी सावकाश, मोठी रजा काढून ये. बर्फ कुठे पळून जात नाही. माझंही काम चालू आहे. इकडे सगळं ठीक.

मामा


१४ जुलै

भिंगरे,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या मामाला पान पान लिहायला लागतं, मला नाही.

तुझा मामा खोटं बोलतोय. रोपवे बंद होतोय. वरच्या ठाण्याखालची जमीन बर्फाने धरून ठेवली होती, ती आता सैल झाली. एक खांब कलला. इंजिनिअर येऊन मोजून गेले. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटची फेरी. त्यासाठीच ही झुंबड उडालीय. यांना सगळं मार्चपासून माहीत आहे.

मी विचारलं, भिंगरीला का नाही कळवलं? तर म्हणाले, "कळवलं तर ती विमानात बसेल. मग तिकडे लोक तिला हसतील. माझ्या पाळण्यापायी तिचा शब्द मोडायला नको." बरं म्हटलं. नंतर जेवताना, मी काही विचारलेलं नसताना, खाली बघत म्हणाले, "आणि कळवून ती आली नाही, तर? त्यापेक्षा न कळवलेलं बरं."

म्हणून मी लिहितेय. तुला खरं सांगते, त्या बर्फाचं मला सगळ्यांसारखं वाईट वाटत नाही. ते दिसतं तरी. तू दिसत नाहीस. तुझ्या मोठ्या कामाला मी नावं ठेवत नाही. तुझा शब्द तू पाळ. कशाने यायचं ते तुझं तू बघ. उशीर झाला तरी चालेल. पाळणा बंद झालेला असला तरी चालेल. तू काय पाळणा बघायला येणार आहेस?

फोन करू नकोस. हे उचलतील आणि निम्मं ऐकून नको म्हणतील. गुरुजी आणि बाई पुढच्या महिन्यात जातील, खोली रिकामी होईल.

ये. हा शब्द नीट वाच. याला दुसरा अर्थ नाही.

मामी


१२ सप्टेंबर

मामी आणि मामा,

बंदरावरच्या वेटिंग रूममध्ये बाकावर बसून लिहितेय. बिनपगारी रजा काढली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ऐन परिषदेच्या तोंडावर? निबंध कोण वाचणार? म्हटलं, माझा सहकारी वाचेल, त्याचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे. आगगाडी झाली. आता जहाज. ते पुन्हा पुन्हा पुढे ढकलतायत, कारण बाहेर वादळ आहे. या दिवसांत अशी वादळं पूर्वी नव्हती, असं खिडकीमागचा तिकीटवाला म्हणाला. मी त्याला हवामानबदल समजावून सांगायला तोंड उघडलं होतं, पण मागे रांग होती.

मामी, तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं सांगू? विमानाची तिकिटं बघितली. जागा होती. सगळं भरून झालं होतं, नुसतं एक बटण दाबायचं राहिलं होतं. इतके महिने मी लोकांना विचारतेय, तुम्ही का आलात, आणि खाली पहिलाच पर्याय आहे: ते संपण्याआधी बघता यावं म्हणून. त्या क्षणी मी त्या पर्यायावर बरोब्बर खूण केली असती. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. "उशीर झाला तरी चालेल." बटणावरचं बोट काढून घेतलं. माझ्या पाहुण्यांपैकी कोणालाच असं कोणी लिहिलेलं नसणार. सगळे बिचारे उशीर होईल म्हणूनच उडत होते.

मामा, तुझ्यावर मी चिडलेय. सगळं ठीक, सगळं ठीक! "कळवून ती आली नाही, तर?" म्हणे. का आले नसते? शेवटच्या रविवारी मी पोचेन असं आता वाटत नाही. पाळण्यात तुझ्या शेजारी, दारापाशी, माझी शाळेच्या दिवसांपासूनची जागा होती, तिथे एकदा बसायचं होतं. ते बहुतेक राहिलंच. याचं मला वाईट वाटतंय आणि ते मी लपवत नाही.

हे पत्र विमानाने माझ्या आधी पोचेल. त्याला हसून घे, मी मागून आहेच.

येते. मामी, या वेळी तुझ्या अर्थाने.

भिंगरी


३ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र तुझ्या आधी तुझ्या दारात जाऊन बसेल, कारण ते उडत येणार आणि तू रांगत. तू इथे होतीस तेव्हा जे बोलायचं होतं ते राहून गेलं. समोरासमोर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बोलता येत नाही.

त्या शेवटच्या रविवारचं तू विचारलंस आणि मी "झालं एकदाचं" म्हणून उठलो. काय झालं ते आता सांगतो. माणसांची रीघ पार बसथांब्यापर्यंत. शेवटच्या फेरीला मी दारापाशी तुझी जागा रिकामी ठेवली. खाली तिकीटखिडकीवाला पेटला, इतकी माणसं ताटकळतायत आणि हा जागा अडवतोय म्हणून. म्हटलं, तोल सांभाळायचाय, आणि तिथे वाळूची गोणी ठेवली. वाऱ्याचं निमित्त सांगितलं. वारा अजिबात नव्हता. वर पोचलो तेव्हा सगळे बर्फाकडे धावले आणि मी गोणीशेजारी बसून राहिलो. तिच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा. उत्तर तुझ्याइतकंच दिलं तिने, फोनवर देतेस तेवढं.

उतरताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, हात मिळवले. "जातो मामा." बरोबरच होतं त्यांचं. आता येणार कुठे?

मग पावसाने घाटातला रस्ता खचला, बस लांबून वळसा घालून यायला लागली, आणि तीही रिकामी. खोल्यांच्या पाट्या उतरल्या. हॉटेलवाल्याने खुर्च्या उलट्या करून ठेवल्या. आम्ही दोघं रोज थांब्यावर जात होतो. मी म्हणायचो, पाय मोकळे करायला चाललोय. मामी तेवढंही म्हणत नव्हती. आणि त्या दिवशी अख्ख्या बसमधून तू एकटी उतरलीस, नाक लाल, बॅगेचं एक चाक तुटलेलं. मामीने तुला जवळ घ्यायच्या आधी चाकावरून रागावून घेतलं, ते बरं केलं. नाहीतर मीच रडलो असतो.

तू होतीस तितके दिवस ढग जागचे हलले नाहीत. हिमनदी तुला एकदाही दिसली नाही. पाळणा कुलपात. चालायला जावं तर चिखल. तुझी सगळी रजा तू त्या स्वयंपाकघरात बसून संपवलीस, मामीने तुला मटार सोलायला लावले आणि तुझ्या सोलण्याला नावं ठेवली. खिडकी दुरुस्त करू म्हणालीस, तर तिला हात लावू दिला नाही. तू काही तक्रार केली नाहीस. मी रोज सकाळी ढगांकडे बघून तुझी माफी मागत होतो, मनातल्या मनात.

तू मागे शब्द मागितला होतास. संपायच्या आत बघून घ्यायला येतात त्यांना काय म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, मला अजून सुचलेला नाही. पण सगळं उरकल्यावर, बघण्यासारखं काही शिल्लक नसताना जो येतो, त्याला आपल्यात घरचं माणूस म्हणतात. एका मामाचा एक कान पुरावा होत नाही, तरी लिहून ठेव.

आता कालचं. बसच्या पायरीवर तू उभी राहिलीस आणि काही बोलेचनास. मला कळलं, शब्द शोधतेयस. एक म्हणावा तर मामी खोली झाडायला घेणार, दुसरा म्हणावा तर खोली पाहुण्यांना देणार. कंडक्टरने घंटी वाजवली. मामी म्हणाली, "म्हण की गं. म्हण." तू म्हणालीस. मला ऐकू आलं नाही, पण तुझे ओठ दिसले.

घरी आलो. जेवलो, झोपलो. आज सकाळी उठलो तर लख्ख ऊन. ढग एकदाचे गेले, तू गेल्यावर बरोबर दुसऱ्या दिवशी. हिमनदी वरपासून खालपर्यंत पूर्ण दिसत होती. लहान झालीय, कडेने काळी पडलीय, पण आहे. मामीला हाक मारली, अगं, ये, बघ तरी. ती आली नाही. जिन्यावरून काहीतरी जड सरकत असल्याचं मला तळपायाला जाणवलं, म्हणून वर गेलो.

गादी उन्हात होती आणि मामी रजई एकटीच झटकत होती. म्हटलं, अगं, कालच तर गेली.

"येते म्हणालीय," मामी म्हणाली.

मग मी रजईचं दुसरं टोक धरलं.

मामा